नाट्यसंस्थेच्या विश्वस्त मंडळावर जाताना: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

तुम्ही एखाद्या छोट्या, ना-नफा नाट्यसंस्थेची नाटकं वर्षानुवर्षं पाहत आला आहात. कधी तिकीट खिडकीवर बसून मदत केलीत, कधी जमेल तशी देणगी दिलीत. मग एका प्रयोगानंतर अध्यक्ष बाजूला घेऊन विचारतात, "आमच्या मंडळावर याल का? फार काम नसतं, दोन महिन्यांतून एक बैठक." विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण बैठकीबाहेरचं काम त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते काम आहे हेच त्यांना आठवत नाही.

मी अशा एका मंडळावर आठ वर्षं होते, त्यातली तीन खजिनदार म्हणून. पहिल्या वर्षी मला कुणी बसवून सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्याचा गाभा एकच आहे. रंगमंचावर काय घडतं ते कलाकार पाहतात. ते पुढच्या वर्षीही घडू शकेल का, हे मंडळाने पाहायचं असतं. नाटकावर प्रेम असलेल्या माणसाला पहिल्या कामात लुडबुड करायचा मोह होतो आणि दुसरं काम कंटाळवाणं वाटतं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका याच मोहातून झाल्या.

पायरी १: हो म्हणण्याआधी कागद मागा

होकार देण्याआधी पंधरा दिवस मागून घ्या आणि संस्थेची घटना किंवा नियमावली, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, चालू वर्षाचं अंदाजपत्रक, शेवटच्या सहा बैठकांची इतिवृत्तं आणि विम्याची कागदपत्रं मागा. कुणी वाईट वाटून घेत असेल किंवा "नंतर देऊ, आधी या तर खरं" म्हणत असेल, तर तेही एक उत्तरच समजा.

इतिवृत्तं सगळ्यात आधी वाचा. जमाखर्च प्रत्येक बैठकीत मांडला गेला का, की वर्षातून एकदाच? एखाद्या ठरावावर कधी कुणी विरोध नोंदवला आहे का? तेच तिघे सतत गैरहजर आहेत का? एखादा विषय चार बैठका "पुढील बैठकीत चर्चा" म्हणून ढकलला गेला आहे का? असा विषय सापडला तर त्यावर बोट ठेवून विचारा. संस्थेचं खरं दुखणं बहुधा तिथेच असतं.

मग दोघांना भेटा. एक कलात्मक संचालक, आणि दुसरी व्यक्ती म्हणजे नुकतीच मंडळ सोडून गेलेली कुणीही. "पुन्हा बोलावलं तर जाल का?" एवढंच तिला विचारा.

चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: महिन्याला किती तास द्यावे लागतात, स्वतःच्या खिशातून देणगीची अपेक्षा आहे का आणि किती, मुदत किती वर्षांची, आणि मंडळाच्या निर्णयांबद्दल दावा झाला तर सदस्यांना विम्याचं संरक्षण आहे का. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच नको.

कायद्याची भाषा देशागणिक वेगळी असते, पण इंग्रजी कायद्याच्या परंपरेतल्या बऱ्याच देशांत विश्वस्ताकडून साधारण तीन अपेक्षा असतात. पहिली काळजीची: कागद वाचून, विचार करून निर्णय घ्या. दुसरी निष्ठेची: निर्णय संस्थेच्या भल्याचा असू दे, तुमच्या किंवा नातेवाइकांच्या नव्हे. तिसरी उद्दिष्टाशी बांधिलकीची: संस्था ज्यासाठी स्थापन झाली त्यावरच पैसा आणि शक्ती खर्च करा. "मला माहीत नव्हतं" हा बचाव पहिल्या अपेक्षेपुढे टिकत नाही. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारकडे भरला गेला नाही, तर अनेक देशांत जबाबदारी व्यक्तिशः मंडळावरच्या माणसांवर येऊ शकते. पैसे कमी पडले की हाच भरणा "पुढच्या महिन्यात" म्हणून मागे पडतो. तो वेळेवर झाला का, हे प्रत्येक बैठकीत विचारा.

पायरी २: पहिले दोन महिने घर पाहा

पहिल्या दोन बैठकांत कमी बोला आणि मधल्या काळात संस्था आतून पाहा. दिग्दर्शकाची परवानगी घेऊन एका तालमीला मागच्या कोपऱ्यात बसा. एक संध्याकाळ तिकीट खिडकीवर काढा. शेवटच्या प्रयोगानंतर नेपथ्य मोडताना थांबा आणि चार फळ्या उचला. रंगमंच व्यवस्थापक कोण आहे, तो किती वाजता येतो, किती वाजता कुलूप लावून जातो, हे पाहा. कुठल्याही अहवालात न येणाऱ्या गोष्टी इथे कळतात: जिन्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे, दिवे चालवायच्या नियंत्रण-फलकावरची एक जोडणी मधूनच बंद पडते, वेशभूषा सांभाळणाऱ्या बाईंना तीन प्रयोगांचं मानधन मिळालेलं नाही. यातलं काही स्वतः दुरुस्त करायला धावू नका. टिपून ठेवा आणि योग्य माणसाला विचारा.

पायरी ३: आकडे

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे. हिशेब आपल्याला कळत नाहीत असं म्हणून नाट्यप्रेमी माणसं खजिनदाराकडे पाहत बसतात, आणि संस्था बुडते तेव्हा मंडळातल्या बहुतेकांना ती बुडत होती हे माहीतच नसतं.

आधी हे मान्य करा की नाटकाच्या तिकिटांतून नाटकाचा सगळा खर्च बहुधा निघत नाही, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी याचं कारण मांडलं. कारखान्यात यंत्रं सुधारतात, एक माणूस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माल काढतो आणि त्याची मजुरी वाढते. पण चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी वाजवायला चार वादक आणि अर्धा तास लागत असेल, तर आजही तेवढंच लागतं. नाटकाचंही तसंच. सहा पात्रांचं नाटक तिघांत आटोपत नाही आणि पाच आठवड्यांची तालीम यंत्राने दोन आठवड्यांवर येत नाही. बाहेरच्या जगातल्या मजुरीबरोबर नटाचं मानधन वाढवावं लागतं, पण त्याचं काम "जलद" होत नाही. म्हणून उत्पन्न आणि खर्च यांतली दरी दरवर्षी थोडी रुंदावते. ती देणगी, अनुदान किंवा दुसऱ्या उत्पन्नातून भरायची, हे आधीच ठरवून चालायचं. "या वर्षी एक नाटक हिट झालं की सगळं सुटेल" असं कुणी म्हणालं, की शांतपणे कागद पुढे ओढा.

कागदावर काय मांडायचं? मी पैशांऐवजी तिकिटांत हिशेब करायला शिकले, आणि नव्या सदस्यांना तसाच शिकवत आले. समजा नाट्यगृहात १५० खुर्च्या आहेत आणि १२ प्रयोग ठरले आहेत. नाटक उभं करण्याचा खर्च, म्हणजे तालमी, नेपथ्य, वेशभूषा, जाहिरात, हक्कांचं शुल्क, मिळून ६०० पूर्ण दराच्या तिकिटांइतका आहे. शिवाय प्रत्येक प्रयोगाचा चालता खर्च ६० तिकिटांइतका. म्हणजे एकूण ६०० अधिक ७२०, अशी १,३२० तिकिटं विकली गेली तर बरोबरी. खुर्च्या आहेत १,८००. म्हणजे जवळजवळ पाऊण नाट्यगृह रोज भरायला हवं, तेही पूर्ण दराने.

आता अहवाल येतो: "सरासरी साठ टक्के प्रेक्षागृह भरलं." साठ टक्के म्हणजे ९० माणसं. त्यांतले १० पासवर आलेले. उरले ८०. त्यांतल्या २४ जणांनी विद्यार्थी किंवा ज्येष्ठ म्हणून अर्ध्या दरात तिकीट काढलं, म्हणजे आणखी १२ तिकिटांचं उत्पन्न गेलं. हातात राहिली ६८ तिकिटं. बारा प्रयोगांची ८१६. तूट ५०४ तिकिटांची.

मग कुणीतरी सुचवतं, "चांगलं चाललंय, प्रयोग वाढवू." एका प्रयोगाला उत्पन्न ६८, चालता खर्च ६०, हातात पडतात ८. पाचशेची तूट भरायला साठाहून जास्त प्रयोग लागतील, आणि नंतरच्या प्रयोगांना सहसा गर्दी कमी होत जाते. पूर्ण दराचे नऊ जण कमी आले की प्रत्येक वाढीव प्रयोग तोट्यात. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे, पण तो मांडला की भावनेच्या भरात होणारे निर्णय थांबतात. पास बंद करा किंवा सवलत काढा असं मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांनी भरलेला मागचा कोपरा मला नेहमीच आवडला. त्याची किंमत मंडळाला माहीत असावी आणि ती कुठून भरायची ते ठरलेलं असावं, एवढंच.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. संस्था वर्षभराच्या नाटकांची तिकिटं एकत्र, हंगामाच्या आधी विकत असेल, तर त्या महिन्यात बँकेतली शिल्लक डोळे दिपवते. माझ्या दुसऱ्याच वर्षी तशी बैठक झाली. शिल्लक वाचली गेली आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. एका सदस्याने नव्या ध्वनियंत्रणेचा ठराव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. मीही हात वर केला. कुणी विचारलं नाही की या रकमेतली किती आपली. तो पैसा अजून न झालेल्या चार नाटकांचा होता. प्रेक्षकांनी तो विश्वासाने आधी दिला होता, म्हणजे ते आपल्यावर कर्ज होतं. पाच महिन्यांनी तिसऱ्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा सुतारकामाचं बिल द्यायला पैसे नव्हते. मग पुढच्या हंगामाची तिकिटं लवकर विकायला काढली आणि त्या पैशांतून या हंगामाची बिलं दिली. या चक्रात शिरलेल्या संस्थेला बाहेर पडायला वर्षं लागतात. आम्हाला तीन लागली, आणि त्यातल्या एका वर्षी एक नाटक रद्द करावं लागलं. ज्या तरुण दिग्दर्शिकेचं ते पहिलं नाटक होतं, तिला ते सांगायला मी गेले होते. तिने नेपथ्याची कागदी प्रतिकृती टेबलावर मांडून ठेवली होती; काडेपेटीच्या काड्यांची खिडकी, कापसाचा पडदा. ती खिडकी मला अजून आठवते.

म्हणून दर बैठकीत तीन कागद मागा. एक, अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी, फरकाच्या कारणांसह. दोन, पुढच्या बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात किती पैसे येतील आणि जातील याचा तक्ता. तीन, बँकेतल्या शिलकीची फोड: आगाऊ तिकिटांचे किती, ठरावीक कामासाठीच मिळालेल्या अनुदानाचे किती, आणि खरोखर मोकळे किती. लहान मुलांच्या नाट्यशिबिरासाठी आलेलं अनुदान छपराच्या दुरुस्तीला वापरता येत नाही, छप्पर कितीही गळत असलं तरी. मोकळ्या पैशांत तीन महिन्यांचा कायम खर्च निघेल इतकी गंगाजळी असेल तर रात्री झोप लागते. नसेल तर दरवर्षी थोडी बाजूला टाकायचा ठराव करा आणि तो पाळा.

पायरी ४: रंगमंचापासून हात किती अंतरावर

कलात्मक संचालक नेमणं, त्याच्या कामाचा वर्षातून एकदा नीट आढावा घेणं आणि वेळ आली तर त्याला बदलणं, हे मंडळाचं काम. नाटकांची निवड, पात्रयोजना, दिग्दर्शन ही त्याची कामं. रेषा सोपी वाटते, पण ती रोज पुसली जाते.

डब्लिनच्या अ‍ॅबे थिएटरची एक गोष्ट मी नव्या सदस्यांना नेहमी सांगते. १९०४ साली उभ्या राहिलेल्या या नाट्यगृहाला १९२५ पासून आयरिश सरकारचं अनुदान मिळू लागलं आणि त्यासोबत सरकारने नेमलेले एक सदस्य मंडळावर आले, अर्थशास्त्राचे अभ्यासक जॉर्ज ओब्रायन. लवकरच शॉन ओ'केसीचं नवं नाटक मंडळापुढे आलं. त्यातलं वेश्येचं पात्र आणि काही संवाद ओब्रायन यांना खटकले. अनुदान धोक्यात येईल अशी त्यांना भीती वाटली. मंडळावरच्या लेडी ग्रेगरी यांनी भूमिका घेतली की अनुदान आणि स्वातंत्र्य यांतून निवडायचंच झालं, तर आपण स्वातंत्र्य निवडू. थोड्या काटछाटीनंतर १९२६ च्या फेब्रुवारीत नाटक रंगमंचावर आलं. प्रेक्षागृहात दंगल झाली, आणि मंडळावरचेच कवी येट्स रंगमंचावर जाऊन प्रेक्षकांना खडसावून आले.

इथवरची गोष्ट सगळ्यांना आवडते. पुढची कमी सांगितली जाते. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, ओ'केसीने पुढचं नाटक पाठवलं तेव्हा येट्स आणि लेडी ग्रेगरी यांच्यासह मंडळाने ते नाकारलं. ओ'केसी दुखावला आणि त्याने सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्राकडे दिला. ते नाटक १९२९ मध्ये लंडनला झालं. अ‍ॅबेत यायला १९३५ उजाडलं. आपल्या सर्वांत लोकप्रिय नाटककाराशी त्या नाट्यगृहाचे संबंध तुटले ते असे. येट्स आणि लेडी ग्रेगरी तर स्वतः नाटककार होते आणि संस्थेचे संस्थापकही. त्यांची निवड इतकी चुकू शकते, तर बँकेत, शाळेत, दवाखान्यात काम करून संध्याकाळी बैठकीला येणाऱ्या आपल्यासारख्यांनी संहिता नाकारण्याआधी शंभरदा थांबावं.

मग मंडळाने काहीच विचारू नये का? जरूर विचारावं. "या नाटकात चौदा पात्रं आहेत, बाकीच्या तीन नाटकांचं बजेट त्यामुळे कसं बदलतं?" हा मंडळाचा प्रश्न आहे. "शेवट जरा आशादायी करता येईल का?" हा नाही. "रंगमंचावर खरी आग दाखवणार आहात, परवानगी आणि विमा आहे का?" हा आहे. "त्या भूमिकेला अमुक शोभली असती" हा तर अजिबात नाही, आणि ती अमुक तुमची भाची असेल तर तोंडही उघडू नका.

रंगीत तालीम पाहिल्यावर मेकअपच्या खोलीत जाऊन नटांना सूचना देऊ नका. तुम्ही सहज बोललेलं वाक्य नटाच्या कानात "मंडळाचं मत" म्हणून शिरतं. माझ्या एका सहकाऱ्याने एका अभिनेत्रीला प्रेमानेच सांगितलं होतं की दुसऱ्या अंकातला तो लांबलेला थांबा घालवून टाक. पहिल्या प्रयोगात तिने तो घालवला. त्या थांब्यावर प्रकाशाचा बदल बसवलेला होता. दिवा उशिरा गेला, समोरच्या नटाचं वाक्य अंधारात पडलं. दिग्दर्शकाला कारण कळायला दोन दिवस गेले. "छान झालं, उद्यासाठी शुभेच्छा" एवढं बोला आणि घरी जा. खरोखरच काही खटकलं असेल, तर कलात्मक संचालकाशी, एकट्याशी, दुसऱ्या दिवशी.

प्रयोगाच्या हक्कांवर मात्र मंडळाने लक्ष ठेवावं, कारण नोटीस संस्थेच्या नावाने येते. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय तिकीटविक्री सुरू करू नये. मूळ नाटककार जाऊन शतक लोटलं म्हणून त्याचं नाटक मुक्त असेल, पण तुम्ही वापरताय ते भाषांतर दहा वर्षांपूर्वीचं असेल तर त्याचे हक्क भाषांतरकाराकडे असतात. संगीताचे वेगळे, चित्रीकरण करून दाखवायचं असेल तर त्याचे आणखी वेगळे. संहितेत बदल करायलाही परवानगी लागते. १९८४ मध्ये सॅम्युएल बेकेटच्या एका नाटकाचं नेपथ्य अमेरिकेतल्या एका नाट्यगृहाने भुयारी रेल्वेच्या बोगद्यात मांडलं, तर बेकेटने हरकत घेतली. प्रयोग झाले, पण त्याचा निषेध कार्यक्रमपत्रिकेत छापूनच.

पायरी ५: बैठक

कागद बैठकीच्या किमान एक आठवडा आधी मिळावेत असा आग्रह धरा, आणि मिळाले की वाचा. बैठकीत वाचले गेलेले कागद म्हणजे वाया गेलेली बैठक.

ठरावाशी सहमत नसाल तर विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगा. हे भांडण नाही. नंतर काही बिघडलं तर कोणी काय विचार केला होता हे त्या नोंदीवरून कळतं, आणि आज नोंद होणार म्हटल्यावर चर्चाही नीट होते. निर्णय झाला की मात्र बाहेर एकाच आवाजात बोला.

हितसंबंध लपवू नका. तुमच्या भावाच्या छापखान्याला पोस्टरचं काम देण्याचा विषय आला, तर आधी सांगा, खोलीबाहेर जा, मतदान झाल्यावर परत या, आणि हे सगळं नोंदलं गेलंय का ते पाहा. नुसतं गप्प बसणं पुरेसं नाही. तुमच्यासमोर तुमच्या भावाचा दर महाग आहे असं म्हणायला कुणी धजत नाही.

पायरी ६: पैसे मागायला शिका

बहुतेक नवे सदस्य इथेच कच खातात. आधी स्वतः द्या, ऐपतीप्रमाणे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण मंडळातल्या प्रत्येकाने दिलंय असं सांगता आलं पाहिजे. मोठे देणगीदार हे विचारतात.

मागताना संस्थेच्या अडचणींची यादी वाचू नका. एक नेमकी गोष्ट सांगा: "या वर्षी वीस शाळांतली मुलं आमचं नाटक पाहायला येणार आहेत, त्यांच्या बसचा खर्च उचलाल का?" रक्कम स्पष्ट सांगा आणि मग थांबा. ती शांतता आपणच भरून काढतो, "जमेल तेवढं द्या, नाही दिलं तरी चालेल" असं म्हणतो, आणि समोरच्याला सुटका देऊन टाकतो. नकार आला तर तालमीचं आमंत्रण द्या. आणि ज्यांनी दिलं त्यांना आठवड्याच्या आत, हाताने लिहून, आभार. दुसऱ्यांदा देणगी मिळण्यात त्या चार ओळींचा मोठा वाटा असतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

पायरी ७: माणसांची सुरक्षितता

३० डिसेंबर १९०३. शिकागोतलं इरोक्वॉय थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि ते आगीपासून पूर्ण सुरक्षित असल्याची जाहिरात होती. सुट्टीतला दुपारचा खेळ, प्रेक्षागृह बायका-मुलांनी खच्चून भरलेलं. रंगमंचावरच्या एका दिव्याच्या ठिणगीने कापड पेटलं. आग रोखणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला. बाहेर पडायचे काही दरवाजे कुलूपबंद होते, काही पडद्यांमागे लपलेले, काहींच्या कड्या लोकांना उघडता येईनात. द्वारपालांना अशा वेळी काय करायचं ते शिकवलेलं नव्हतं. सुमारे ६०० माणसं गेली. नुसत्या धक्क्याने उघडणारा आडवा दांडा असलेले दरवाजे पुढे रूढ झाले, त्यामागे ही दुर्घटना आहे.

दरवाजा बंद ठेवायची कारणं आजही तीच असतात: फुकटे शिरतात, थंडी येते, नेपथ्य ठेवायला जागा नाही. म्हणून वर्षातून दोनदा, प्रयोगाच्या दिवशी, प्रत्येक बाहेरच्या दरवाजातून स्वतः चालत बाहेर जा. अग्निशामक यंत्रांच्या तारखा पाहा. उंचीवर चढून दिवे लावणाऱ्यांना प्रशिक्षण आणि पट्टे आहेत का, मध्यरात्री नेपथ्य मोडणारे स्वयंसेवक विम्यात येतात का, हे विचारा.

दुसरी सुरक्षितता दिसत नाही. नाटकात माणसं एकमेकांच्या फार जवळ काम करतात, रात्री उशिरापर्यंत, आणि भूमिका देणं-न देणं एका माणसाच्या हातात असतं. तक्रार कुणाकडे करायची हे तालमीच्या खोलीत लिहून लावलेलं हवं, आणि त्यात मंडळाबाहेरचं किमान एक नाव हवं. तक्रार खुद्द कलात्मक संचालकाबद्दल असेल तर ती कुठे जाईल, हे आज, सगळं शांत असताना ठरवा. लहान मुलं काम करत असतील तर ती कोणत्याही एका मोठ्या माणसासोबत एकटी राहणार नाहीत अशी व्यवस्था लागते. "आपल्याकडे असं होत नाही" हे वाक्य मी ज्या बैठकीत ऐकलं, त्यानंतर वर्षभरातच आम्हाला एक तक्रार हाताळावी लागली. नियम नव्हते, म्हणून आम्ही ती सावकाश आणि वाईट रीतीने हाताळली. तक्रार करणारी मुलगी नाटक सोडून गेली. संस्थेच्या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त हे लागून राहिलं आहे.

पायरी ८: संस्थापक जातो तेव्हा, आणि तुम्ही जाता तेव्हा

छोट्या संस्था बहुधा एका माणसाच्या जिवावर उभ्या राहतात. तो निवृत्त होतो, आजारी पडतो किंवा थकतो, तेव्हा मंडळाची खरी परीक्षा असते. त्याच्या डोक्यात असलेल्या गोष्टी आधीच कागदावर आणा: कोणता देणगीदार कोणामुळे येतो, नाट्यगृहाचा करार कधी संपतो, कोणत्या शब्दावर कोणता लेखक थांबलेला आहे. नवा संचालक शोधायला सहा महिने ते वर्ष धरा आणि मधल्या काळासाठी कोण सांभाळेल ते लिहून ठेवा. जुन्या संचालकाला मंडळावर घ्यायचा मोह होतो. किमान दोन वर्षं तो टाळा. नव्या माणसाला त्याची पहिली चूक त्यांच्यासमोर करावी लागू नये.

तुमची मुदत संपली की तुम्हीही निघा, वेळेवर. जाण्याआधी वर्षभर तुमच्या जागी येणाऱ्याला सोबत घेऊन बसा. बँकेतली सही बदलून घ्या, किल्ल्या परत करा, संस्थेच्या खात्यांचे पासवर्ड सोपवा, सरकारी नोंदणीत तुमचं नाव निघालं आहे का ते तपासा. नाव राहिलं तर कागदोपत्री तुम्ही जबाबदार राहता.

मी जाताना दोन पानांची एक टीप लिहून दिली: कोणती बिलं कोणत्या महिन्यात येतात, कोणत्या देणगीदाराला फोन आवडतो आणि कोणाला पत्र, आणि तिसऱ्या रांगेतल्या अकराव्या खुर्चीचा स्क्रू दर हंगामात ढिला होतो. पुढच्या हंगामात तिकीट काढून मी मुद्दाम त्याच खुर्चीवर बसले. स्क्रू घट्ट होता.